वेलफर्डहून फॉक्स्टनला: नॅरोबोटीवरचा एक दिवस

संथवाही (धागाकर्ता)

इंग्लंडमधल्या वेलफर्ड गावाच्या धक्क्यावर सकाळी साडेसात वाजता आमची भाड्याची नॅरोबोट (कालव्यासाठीची लांब, अरुंद बोट) बांधलेली होती, आणि सासूबाई पुढच्या बाकावर बसून कालव्याचे पाणी कोणत्या बाजूला वाहते आहे हे निरखत होत्या. पाण्यावर पडलेले पान जागचे हलत नव्हते. त्यांचे सारे आयुष्य साताऱ्याच्या माण तालुक्यात गेले असल्यामुळे भरलेला पण न वाहणारा कालवा ही गोष्ट त्यांना मुळीच पटत नव्हती. "जावईबापू, हे पाणी येतं कुठून आणि जातं कुठं?" असे त्यांनी विचारले, आणि पुढचा अख्खा दिवस आम्ही कळत-नकळत त्याच प्रश्नाच्या मागे प्रवास केला. लेस्टरमध्ये अकरा वर्षे राहूनही शहरातून जाणारा कालवा मी तोवर फक्त पुलावरून पाहिला होता, हे येथे कबूल केलेले बरे.

उत्तराचा पहिला भाग त्या धक्क्यापाशीच होता. ग्रँड युनियन कालव्याच्या लेस्टर शाखेचा माथ्यावरचा टप्पा समुद्रसपाटीपासून ४१२ फुटांवर असून तो वॉटफर्डच्या लॉकांपासून (लॉक म्हणजे बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी दरवाजांची कोठी) फॉक्स्टनच्या लॉकांपर्यंत तब्बल २० मैल एकाच पातळीत जातो. (हे वॉटफर्ड म्हणजे नॉर्थॅम्प्टनशायरमधले लहानसे खेडे, लंडनजवळचे त्याच नावाचे शहर वेगळे.) या टप्प्याच्या दोन्ही टोकांना उतार आहे. त्यामुळे कोणत्याही टोकाला बोट वर चढो की खाली उतरो, माथ्यावरचे थोडे पाणी प्रत्येक वेळी कायमचे खाली जाते, आणि ते भरून काढायचे तर माथ्याहूनही उंच जागेवरून पाणी आणावे लागते. नेझबी, सल्बी आणि वेलफर्ड येथील तलाव त्यासाठी बांधले गेले आणि त्यांचे पाणी आणणारा सुमारे दीड मैलांचा फाटा वेलफर्डपासून मुख्य कालव्यापर्यंत खोदला गेला. पाणी आणायचेच आहे तर त्यातून बोटीही जाऊ द्याव्यात, असा व्यवहारी विचार त्या वेळी झालेला दिसतो, आणि त्यामुळेच आमच्यासारख्यांना पाण्याच्या उगमापाशी बोट बांधून झोपता येते.

बोटीविषयी थोडे सांगतो. आमची बोट ५७ फूट लांब होती आणि रुंदी मात्र ६ फूट १० इंच, म्हणजे दोन्ही हात पसरले की एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जवळजवळ पोहोचतात. या भागातले लॉक सुमारे सात फूट रुंद असल्यामुळे बोटीला त्याहून रुंद होण्याची सोयच नाही. चालवणारा मागच्या टोकाला उभा राहतो, पुढचे टोक त्याच्यापासून बसगाडीपेक्षाही लांब असते, बोटीला ब्रेक नसतो आणि सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. हे सारे आदल्या दिवशी शिकवणाऱ्याने मला दोनदा सांगितले होते. तरीही पहिल्याच वळणावर जिकडे जायचे तिकडेच मी दांडा ढकलला आणि बोटीचे नाक काठच्या लव्हाळ्यात जाऊन रुतले. मेहुण्याने लांब बांबूने रेटून बोट बाहेर काढली. "बैलसुद्धा असा उसात शिरत नाही," एवढेच सासूबाई म्हणाल्या, आणि चहाचा कप पुन्हा तोंडाला लावला.

फाट्यावर एकच लॉक आहे, आणि त्याचा उतार जेमतेम तीन-साडेतीन फुटांचा. ज्यांनी लॉक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की दोन्ही टोकांना दरवाजे असलेली ती एक दगड-विटांची कोठी असते. कोठीत पाणी भरले की ते वरच्या कालव्याच्या पातळीला येते, बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या दरवाजांतल्या झडपा हँडलने उचलायच्या आणि पाणी खाली जाऊ द्यायचे. पाण्याबरोबर बोटही उतरते. येथे पंप नाही, वीज नाही. दरवाजाचा लांब लाकडी दांडा पाठीने रेटायचा असतो, पण दोन्ही बाजूंचे पाणी समपातळीत येईपर्यंत तो तसूभरही हलत नाही, आणि पातळी जुळली की लहान मुलानेही ढकलावा इतका हलका होतो. या गोष्टीचे मला दिवसभर अप्रूप वाटत राहिले.

मुख्य कालव्याला लागल्यावर आम्ही उत्तरेकडे वळलो. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे, परंतु काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्यांचे दोर ताणू नयेत म्हणून इंजिन अगदी मंद करावे लागते, त्यामुळे प्रत्यक्ष वेग अडीच-तीन मैलांवर पडतो. काठच्या वाटेवरून कुत्रा घेऊन निघालेल्या एका आजोबांनी आम्हाला मागे टाकले आणि पुढच्या पुलापाशी थांबून हात केला. ही वाट मुळात घोड्यांसाठी होती. इंजिने येण्यापूर्वी बोटी घोडे ओढीत असत.

कालव्याला वळणे इतकी, की एकदा डाव्या हाताला दिसलेला चर्चचा मनोरा अर्ध्या तासाने उजव्या हाताला दिसला आणि आपण चुकून परत फिरलो की काय, अशी शंका पत्नीला आली. पोह्यांची बशी हातात घेऊन सासूबाई बराच वेळ दोन्ही काठ पाहत होत्या. डावीकडचे शेत वर चढणारे, उजवीकडचे खाली उतरणारे, आणि कालवा मधोमध. "हा तर समतल चर आहे," त्या म्हणाल्या. गावाकडे उन्हाळ्यात टेकडीवर श्रमदानाने चर खणताना त्यांनी स्वतः समपातळीची फक्की मारलेली आहे. वीस मैल लॉक न बांधता कालवा न्यायचा तर टेकडीच्या कडेकडेने समपातळीची रेघ पकडूनच जावे लागते, हे त्यांना कोणत्याही माहितीफलकाशिवाय उमगले. जितकी वळणे जास्त तितके लॉक कमी, आणि लॉक कमी म्हणजे पाणी कमी खर्च.

रेघ जेथे टेकडीला वळसा घालू शकत नाही तेथे बोगदा आहे. हजबंड्स बॉसवर्थचा हा बोगदा १,१६६ यार्ड लांबीचा असून त्यातून जायला आम्हाला वीस मिनिटे लागली. बोगद्यात घोड्याची वाट नाही. त्या काळी घोडा टेकडीवरून चालत नेत, आणि बोटीवरची माणसे फळीवर आडवी पडून बोगद्याच्या भिंतींवर पाय रोवीत, पावलापावलाने बोट पुढे ढकलीत. आम्ही अर्थातच इंजिनावर होतो. छतातून थंडगार पाणी मानेवर टपकत होते, पुढच्या दिव्याचा उजेड विटांवर थोड्याच अंतरापर्यंत पोहोचत होता, आणि निम्म्या वाटेवर समोरून दुसरा दिवा दिसला. हा बोगदा दोन नॅरोबोटी एकमेकींच्या बाजूने जाण्याइतका रुंद आहे, हे वाचून ठाऊक असणे आणि अंधारात सुकाणू धरून त्यावर विश्वास ठेवणे, यांत फार अंतर आहे. नियमाप्रमाणे मी उजवीकडे सरकलो, कुठेतरी भिंतीला घासल्याचा आवाज झाला, समोरच्या बाईंनी "गुड मॉर्निंग" म्हटले, आणि आम्ही पार झालो.

दुपारी अडीचच्या सुमारास फॉक्स्टनला पोहोचलो. माथ्याचा टप्पा येथे अचानक संपतो: समोर सपाट मुलूख दूरवर पसरलेला, आणि कालवा ७५ फूट खाली उतरणारा. उतरण्यासाठी १८१४ साली पूर्ण झालेले दहा लॉक आहेत, पाच-पाचांचे दोन जिने. एरवी दोन लॉकांच्या मध्ये कालव्याचा थोडा तुकडा असतो. जिन्यात मात्र एका कोठीचा खालचा दरवाजा हाच पुढच्या कोठीचा वरचा दरवाजा. दोन जिन्यांच्या मध्ये एक लहान तळे आहे आणि वर जाणाऱ्या व खाली येणाऱ्या बोटी एकमेकींना तेथेच ओलांडतात. म्हणून आधी लॉककीपरला भेटून नंबर लावल्याशिवाय कोणी आत शिरायचे नसते. आम्ही तासभर थांबलो.

येथील झडपा दोन रंगांत रंगवलेल्या आहेत. प्रत्येक दोन कोठ्यांच्या मध्ये, बाजूला, एक साठवण तळे आहे. तांबड्या झडपेने त्या तळ्याचे पाणी खालच्या कोठीत येते आणि पांढऱ्या झडपेने वरच्या कोठीचे पाणी त्या तळ्यात जाते. आधी तांबडी, मग पांढरी, हा क्रम चुकला तर आधीच भरलेल्या तळ्यात आणखी एक कोठीभर पाणी येऊन ते काठावरून वाहू लागते. तेथील स्वयंसेवक लॉककीपरने हा क्रम आमच्याकडून यमक जुळवून म्हणवून घेतला. मी सुकाणूवर, पत्नी व मेहुणा झडपांवर, आणि सासूबाई काठावरून आमच्याबरोबर एकेक कोठी खाली उतरत, सहलीला आलेल्या बघ्यांच्या गर्दीत. तळाशी पोहोचायला पाऊण तास लागला.

ज्यांनी असा प्रवास केला आहे, त्यांनी आपापले अनुभव लिहावेत. माझ्या माहितीत चूक असल्यास अवश्य सुधारावी.

रानवाट

सुरेख आणि सविस्तर लेखन. काही व्यावहारिक शंका आहेत. बोट चालवायला परवाना लागतो का? आईचे गुडघे दुखतात, तिला बोटीत चढणे-उतरणे जमेल का? आणि शौचालयाची व्यवस्था कशी असते, हे कोणीच लिहीत नाही.

संथवाही

सहलीसाठी भाड्याने घेतलेली बोट चालवायला वैयक्तिक परवाना लागत नाही. बोट देणारे ताब्यात देण्यापूर्वी शिकवतात. चढण्या-उतरण्याविषयी मात्र स्पष्ट सांगतो, की काठ आणि बोट यांच्यातील पायरी सर्वत्र सारखी नसते आणि आतही दोन-तीन उभ्या पायऱ्या असतात. सासूबाईंना आम्ही केवळ पक्क्या धक्क्यावरच उतरवले. शौचालय बोटीतच असते. आमच्या बोटीत कॅसेट होती, म्हणजे ती भरली की काठावरच्या ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची. ते काम मेहुण्याकडे होते आणि त्याची आठवण तो अजून काढतो.

एक धोका मात्र लिहायचा राहिला. लॉकमधून खाली उतरताना वरच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. पाणी उतरू लागले आणि बोटीचे मागचे टोक त्या उंबरठ्यावर राहिले, तर टोक तेथेच अडकून पुढचा भाग खाली जातो आणि बोट बुडू शकते. उंबरठा कुठवर आहे हे काठावर पांढऱ्या रेघेने दाखवलेले असते. बोट सतत तिच्या पुढे ठेवायची आणि पाणी उतरत असताना कोणीही आत जाऊन चहा करीत बसायचे नाही.

घाटमाथा

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे आपल्या सासूबाईंच्या प्रश्नाचा हिशेब केल्याखेरीज राहवले नाही. दहा लॉकांत ७५ फूट, म्हणजे प्रत्येकी साडेसात फूट. कोठी साधारण २२ मीटर लांब आणि २.१ मीटर रुंद धरली तर एका कोठीत सुमारे १०६ घनमीटर पाणी उतरते, म्हणजे एक लाख लिटरांहून थोडे अधिक. माणच्या माणसाला समजेल अशा मापात सांगायचे तर दहा हजार लिटरांचे दहा टँकर. सर्वांत वरची कोठी भरायला हे पाणी माथ्याच्या टप्प्यातूनच घ्यावे लागते, मग बोट चौघांची असो की एकट्याची. कोरड्या उन्हाळ्यात लॉकच्या वेळा कमी का करतात, प्रसंगी ते बंद का ठेवतात, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरी गोष्ट गळतीची. आपल्याकडचा कालवा वाहता असतो, वरून पाणी सोडले की गळती धरूनही शेवटच्या शेताला काही पोहोचते, निदान पोहोचावे अशी अपेक्षा असते. हा कालवा म्हणजे वीस मैल लांबीचे भांडे आहे. जुन्या इंग्रजी कालव्यांच्या तळाला सिमेंट नव्हते. चिकणमाती पाणी घालून मळायची, तुडवायची आणि तिचा थर द्यायचा. ती ओली असेपर्यंत पाणी धरते आणि सुकली की भेगाळते, त्यामुळे कालवा रिकामा ठेवणे हेसुद्धा नुकसानीचेच.

आणखी एक. तलाव असलेला हा परिसर एव्हन नदीच्या उगमाचा आहे. ती नेझबीला उगम पावते आणि पश्चिमेकडे जाऊन सेव्हर्नला मिळते. फॉक्स्टनवरून उतरलेले पाणी मात्र लेस्टरकडे, सोअर नदीत, तेथून ट्रेंटमध्ये आणि शेवटी पूर्वेच्या समुद्रात जाते. म्हणजे पश्चिमवाहिनीचे पाणी पूर्वेला वळवले. कोयनेचे पूर्वेला जाणारे पाणी आपण सह्याद्री ओलांडून पश्चिमेला वळवतो, त्याच्या नेमके उलट. प्रमाण अर्थात अगदीच किरकोळ.

शब्दवेध

विषय उत्तम आहे, एक लहानशी सूचना. 'लॉक' या शब्दासाठी मराठीत 'जलपाश' हा शब्द आहे, तो वापरता आला असता.

संथवाही

शब्द ठाऊक होता, दोनदा लिहून खोडला. पाश म्हटले की पाणी कोणाला तरी अडकवते आहे असे वाटते. प्रत्यक्षात आम्ही त्यात उभे राहून सँडविच खात होतो. 'उंबरठा' मात्र आपसूक आला, कारण दरवाजाखाली जे असते ते उंबरठाच.

उतरंड

फॉक्स्टनला गेलात आणि उतरत्या रुळांविषयी लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. लॉकांच्या शेजारच्याच टेकडीवर १९०० साली कालवा कंपनीने बोटींसाठी उताराचा रूळमार्ग सुरू केला होता. पाण्याने भरलेल्या दोन प्रचंड टाक्या, प्रत्येकीत दोन नॅरोबोटी मावतील अशा. एक वर जाताना दुसरी खाली येई, त्यामुळे दोघींचे वजन एकमेकांना तोलून धरी आणि वाफेच्या इंजिनाला केवळ घर्षणापुरते काम उरे. टाक्या आडव्या सरकत. बारा मिनिटांत बोट वर किंवा खाली. जिन्यात बोटींना नंबर लावून पाऊण-एक तास घालवावा लागे, त्या तुलनेत हे अद्भुतच होते. शिवाय घाटमाथा यांनी हिशेब केलेले दहा टँकर पाणीही वाचत होते, कारण टाकीतले पाणी टाकीतच राही.

तरीही १९११ मध्ये हा मार्ग नियमित वापरातून बंद झाला आणि १९२८ साली लोखंड भंगारात गेले. माथ्याच्या दुसऱ्या टोकाचे वॉटफर्डचे लॉक अरुंदच राहिले, त्यामुळे रुंद बोटी या मार्गाने नेण्याचा मूळ बेत फसला. आणि मोजक्या बोटींसाठी बॉयलर सतत पेटता ठेवणे परवडेना. रेल्वेने माल पळवल्यावर वेग वाढवून उपयोग तरी काय? आज बॉयलरघराच्या जागी लहानसे संग्रहालय आहे आणि गवताखाली उताराची रुंद जागा ओळखू येते.

संथवाही

आपले म्हणणे मान्य. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो उतार चढून गेलो होतो, पण धागा एका दिवसाचा म्हणून वगळला. आता वाटते, वगळायला नको होता.

भरधाव

सर्वांच्या उत्साहाचा आदर राखून विचारतो: दहा मैलांसाठी एक दिवस, त्यातला एक तास रांगेत आणि पाऊण तास उतरण्यात. तेच अंतर मोटारीने वीस मिनिटांत होते. यात आनंद नेमका कशाचा?

काठावरची

मी बर्मिंगहॅमच्या परिसरात साडेचार वर्षे नॅरोबोटीवरच राहते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर देण्याचा थोडा अधिकार आहे असे समजते. आनंदाचे माहीत नाही, कामाचे सांगते. माझ्याकडे कायमचा धक्का नाही. त्यामुळे परवान्याच्या अटीनुसार एका जागी साधारणपणे १४ दिवसांहून अधिक राहता येत नाही, पावसात, थंडीत, तापात असले तरी बोट हलवावी लागते. जानेवारीत पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो आणि बोट सरकली की काच फुटल्यासारखा आवाज येतो. पिण्याचे पाणी टाकीत भरून आणायचे, कोळशाच्या पिशव्या छतावर, आणि बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली की इंजिन बंद करून झाकण उघडायचे व गार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून ती कापून काढायची. छायाचित्रांत हे येत नाही.

मालवाहतूक येथे कशी संपली, हेही लक्षात घ्यावे. १९४८ साली बहुतेक कालवे सरकारच्या ताब्यात गेले, आणि १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले तेव्हा उरलीसुरली वाहतूक मोडली. पुढे कित्येक ठिकाणी स्वयंसेवकांनी गाळ उपसून कालवे पुन्हा उघडले. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. भरधाव यांना मोटारीने वीस मिनिटांत जाता येते ते खरेच, आणि माल मोटारीने जाऊ लागला म्हणूनच ही वाट माझ्यासारखीला राहायला मोकळी झाली.

भरधाव

प्रतिसाद प्रांजळ आहे. पिशवी कापण्याचे वाचून माझा विचार अधिकच पक्का झाला, एवढे मात्र नोंदवतो.

संथवाही

घाटमाथा यांचा हिशेब मी काल सासूबाईंना फोनवर वाचून दाखवला. त्या आता गावी परतल्या आहेत आणि वळवाचा एकच पाऊस झाला आहे. दहा टँकर हे ऐकून थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, की आपण रांगेत थांबलो होतो तेव्हा लॉककीपरने आपल्या पुढच्या दोन बोटी आणि आपली, अशा तिन्ही लागोपाठ सोडल्या होत्या, ते पाणी वाचवायला की वेळ वाचवायला? मला उत्तर देता आले नाही. जिन्यात मधेच दिशा बदलण्याऐवजी एकाच दिशेने बोटी सोडल्याने पाण्याच्या खर्चात कितीसा फरक पडतो, हे घाटमाथा यांनी कृपया लिहावे. सासूबाईंना रविवारी कळवायचे कबूल केले आहे.